कनवटीची काडेपेटी

पवनीच्या बाजारात सत्यभामाबाई भाजी घ्यायला आल्या की विकणाऱ्या बाया सावरून बसत. वांगं घेतलं तर त्या देठ उचलून बघत, टमाटर घेतला तर वास घेत, आणि तराजूचं रिकामं पारडं स्थिर होईपर्यंत नजर हलवत नसत. एकदा गवळ्यानं आपण होऊन वाटीभर दूध जास्त घातलं. त्याचे उपकार मानायचे सोडून त्यांनी त्याला दारातच उभं केलं. "फुकट काहून देऊन राहिला बाप्पा? काय पडलं त्यात?" बिचाऱ्यानं त्या घरी पुन्हा कधी थेंबभरही जास्त घातलं नाही.

लोक हसत, पण लोकांना हसायला काय जातं. नवरा गेला तेव्हा सत्यभामाबाई तिशीच्या होत्या. पदरात दोन लेकरं, गावाबाहेर धानाच्या शेताच्या दोन बांध्या, आणि चहूकडून गोड बोलणारे नातेवाईक. त्या गोड बोलण्याला भुलल्या असत्या तर बांध्या केव्हाच दुसऱ्याच्या झाल्या असत्या. संशयानंच त्यांचं घर राखलं होतं. त्यामुळे पुढं लेक सिहोऱ्याला नांदायला गेली, डोक्याचे केस पांढरे झाले, तरी त्यांनी संशयाला काही रजा दिली नाही.

थोरला तुलाराम मात्र घरीच होता आणि घरीच राहणार होता. एकोणऐंशी साली तो सत्तावीस वर्षांचा होता. उंचापुरा, रुंद खांद्यांचा, हसरा. बोलणं चार-दोन शब्दांचं, आणि काम सांगितलं की अर्ध्यावर विसरून तिथंच हसत उभा राहायचा. गाव त्याला भोळा म्हणे, आणि गाव रागात असलं की आणखी काहीही म्हणे. सत्यभामाबाई त्याला सकाळी आंघोळ घालत, सदऱ्याच्या गुंड्या लावत, पायजम्याची नाडी निरगाठ मारून बांधत आणि भात कालवून पुढ्यात ठेवत. इतकी वर्षं हेच चाललं होतं. यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. आईनं नाही करायचं तर कोणी करायचं?

आणि त्यांच्या कनवटीला सदा काडेपेटी खोचलेली असे. त्या काडेपेटीची गोष्ट साऱ्या आळीला ठाऊक होती. सहा वर्षांचा असताना तुलाराम चुलीतलं जळतं लाकूड घेऊन गोठ्याकडे पळाला होता. धानाच्या वाळक्या तनशीचा ढीग पेटला, गोठा गेला, दावणीचा एक बैल गेला, आणि तुलारामच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आवळलेली चामडी कायमची राहिली. त्या दिवसापासून घरातली काडेपेटी फळीवर दिसली नाही. "काडीले हात लावला तं माय मारते," एवढं एकच वाक्य सत्यभामाबाईंनी त्याच्या डोक्यात असं पक्कं बसवलं, की चुलीजवळ आला की तो दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राही.

त्या वर्षीच्या रोवणीत, धानाची रोपं लावताना, सत्यभामाबाई बांधीतल्या चिखलात पडल्या. बायांनी उचलून शेताच्या कडेला धुऱ्यावर आणलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं की हृदय दमलंय, आता पाण्यात वाकून काम करणं बंद. सिहोऱ्याहून लेक धावत आली. दोन दिवस तिनं घर सांभाळलं, तिसऱ्या दिवशी बोलली.

"माय, तुले काही झालं तं दादाचं कसं? माझ्या घरी सासू हाय, सासरा हाय. मी नेईन, पण किती दिवस ठेवू देतीन ते?"

लेक खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच सत्यभामाबाईंना तिचा राग आला. हा प्रश्न त्यांना रोजच पडत होता. आता तो कोणीतरी मोठ्यानं विचारला होता एवढंच.

पार्वताबाईंचं नावही लेकीनंच काढलं. पार्वताबाई पवनीच्याच, नदीकडच्या बौद्ध वस्तीतल्या. नवरा जवाहरनगरच्या कारखान्यात होता तोवर त्या तिथल्या क्वार्टरात राहत. तिथं एका साहेबाच्या बायकोनं तुलारामसारख्या मोठ्या मुलामुलींसाठी वर्ग काढला होता. पार्वताबाई आधी तिथं झाडलोट करायला गेल्या आणि पाहता पाहता शिकवायला लागल्या. नवरा वारल्यावर गावी परतून त्यांनी आपल्याच घराच्या पडवीत तसा वर्ग सुरू केला. पाच जण येत. आंघोळ कशी करायची, पाणी कसं भरायचं, पळसाच्या पानांचे द्रोण कसे लावायचे, रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधीत किती अंतरावर टाकायच्या, असलं त्या शिकवत. फी काहीच नव्हती.

फी नाही म्हटल्यावरच सत्यभामाबाईंचं डोकं फिरलं. फुकट कोणी कोणाला काही देत नाही, हे त्यांना गवळ्यापासून दिरापर्यंत सगळ्यांनी शिकवलं होतं. तरी लेकीच्या हट्टापायी त्यांनी तुलारामला पाठवलं. जाताना हातात डबा दिला आणि बजावलं, "तिकडचं काही खायाचं नाई." या बजावण्यात संशय होता तसा जातीचा ताठाही होता. त्यांना तो शोभत नव्हता, पण होता.

आठव्या दिवशी तुलाराम घरी आला तेव्हा नाडीची निरगाठ गायब होती आणि तिथं सुरगाठ होती. सत्यभामाबाईंनी ती गाठ दोनदा पाहिली. पोराचे कपडे कोणी काढले? तशाच पावली त्या नदीकडे गेल्या.

"याची नाडी कोणं सोडली?"

"त्यानंच सोडली, मावशी, अन् त्यानंच बांधली," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमी निरगाठ मारता, ती तं मलेही सुटली नाई. दातानं सोडली त्यानं. उद्यापासून सुरगाठ मारत जा."

"त्याले येत नाई."

"आता येते."

घरी आल्यावर तुलारामला नाडी बांधून दाखवायला सांगावं, हे सत्यभामाबाईंना सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन निरगाठी मारल्या.

दिवाळीच्या सुमारास नवंच सुरू झालं. तुलारामच्या सदऱ्याला धुराचा वास यायला लागला आणि डबा भरलेला परत यायला लागला. विचारलं तर तो हसून "भात" एवढंच म्हणे. शेजारच्या बेबीबाईंना असल्या गोष्टींचा सुगावा लवकर लागायचा. कुंपणावरून वाकून त्या म्हणाल्या, "घरकाम करून घेऊन राहिली असन ती बाई. फुकटचा गडी भेटला तिले. अन् नागपूरची जीप येते म्हणते तिच्याइथं. फोटो काढून नेते."

"कायचे फोटो?"

"मले काय मालूम? पण उगाच कोणी फोटो काढत नाई."

हे सत्यभामाबाईंना अगदी पटलं. त्या रोज सदरा हुंगू लागल्या, बोटं तपासू लागल्या, कुठं फोड दिसतो का बघू लागल्या. फोड दिसला नाही, तर संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. इतकं काम करून घेते आणि खूणही ठेवत नाही, म्हणजे बाई चांगलीच बनेल असली पाहिजे.

शेवटी एका सकाळी तुलाराम गेल्यावर त्या मागोमाग निघाल्या आणि पार्वताबाईंच्या घरामागच्या तुराट्यांच्या कुंपणाआड बसल्या. दम लागला होता, गुडघे दुखत होते, पण त्या हलल्या नाहीत. अंगणात चूल होती. पार्वताबाईंनी लाकडं रचली, चूल पेटवली, पाण्यानं भरलेला गंज, भाताचं मोठं पातेलं, वर चढवला, तांदूळ धुऊन आत सोडले, शीत दाबून पाहिलं. तुलाराम शेजारी नुसता उकिडवा बसला होता. मग पार्वताबाईंनी त्याला खूण केली. त्यानं फडकं दुहेरी केलं, गंज उतरवला, झाकण धरून पेज पसावली आणि भात ताटात काढला. पार्वताबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "पाहा, तुलारामनं भात केला." आणि तो गालभर हसला.

सत्यभामाबाई तिथूनच उठून उभ्या राहिल्या. चोर सापडल्याचा आनंद त्यांना लपवता येईना. "अवं, सारं तं तुमीच केलं. त्यानं काय केलं त्यात? नागपूरच्या लोकायले असंच दाखवता का?"

पार्वताबाई दचकल्या, मग कुंपणाजवळ आल्या. "मावशी, रोवणीत बाई पुढं जाते का मागं?"

"मागं. हे काय विचारणं झालं?"

"मागं मागं सरकते, अन् केलेलं काम तिच्या डोळ्यांपुढं राहते. मीबी तसंच शिकवतो. पैल्यापासून शिकवलं तं हा मधातच थकते, अन् सोडून देते. म्हणून शेवटचं पैले शिकवलं. पैल्या हप्त्यात नुसतं ताटात काढलं. मंग पसावलं. आता शीत पाहणं, मंग तांदूळ धुणं. रोज भात याच्याच हातानं पुरा होते, म्हणून हा रोज येते. नागपूरचे लोकबी हेच पाहाले येते, असा वर्ग तिकडं काढाले."

उत्तर तयारच होतं, आणि तयार उत्तरावर सत्यभामाबाईंचा मुळीच विश्वास नसे. रोवणीचं त्यांना पटलं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तुलारामला घरी न्यायचं मनात होतं. तो ताटावरून उठेना, म्हणून ते राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हे असंच चाललं. मग एका दुपारी पार्वताबाई स्वतः घरी आल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. सत्यभामाबाईंनी बसा म्हटलं नाही. पार्वताबाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"त्याले सगळं आलं, मावशी. लाकडं रचते, पाणी ठेवते, तांदूळ धुते, पसावते. एक काडी तेवढी राहिली. पेटी हातात देली का हात मागं घेते, माय मारते म्हणते. तुमी एकदा सांगा त्याले. तुमी सांगितल्याबिगर तो ओढाचा नाई."

सत्यभामाबाईंचा हात कनवटीकडे गेला. इतक्या दिवसांच्या संशयाला आता कुठं तोंड सापडलं. म्हणजे हे सगळं इथवर आणायचं होतं तर. "माझा गोठा एकदा जळला. आता घर जाळाचं हाय का?"

पार्वताबाई ओट्यावरून उठल्या नाहीत. "माझा भाऊ होता, चिंधू. याच्यासारखाच. मी जवाहरनगरले, अन् माय त्याच्यासंग गावाबाहेरच्या खोपड्यात. रोवणीच्या दिवसांत माय गेली. सारे बांधीत, तीन दिवस कोणाले पत्ता नाई. मी आलो तं चिंधू चुलीजवळ बसून होता. मडक्यात तांदूळ, घरात लाकडं, अन् तो तीन दिवसांचा उपाशी. मायनं त्याले कधी चुलीले हात लावू नाई देला. जीव लावत होती न. त्या वर्षातच तोबी गेला."

दुसरी कोणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. सत्यभामाबाईंना वाटलं, किती जमवून आणलेली कहाणी आहे. "उद्यापासून तुलाराम येणार नाई," त्या म्हणाल्या.

तुलाराम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन दाराशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही राहिला. दहा-बारा दिवस त्या त्याला आत ओढत होत्या आणि तो पुन्हा दाराशी जात होता. मग त्यानं डबा घेणं सोडलं. एकदा भात शिजला तेव्हा तो फडकं दुहेरी करून पुढं आला, तर सत्यभामाबाईंनी त्याचा हात झटकला. तो हात पाठीमागं धरून उभा राहिला. त्याचं हसणं कमी झालं होतं. त्या म्हणत, ऊन फार आहे, त्यानं असेल.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत थंडी फार होती. सत्यभामाबाईंना ताप भरला. बेबीबाई भाचीच्या लग्नाला बाहेरगावी गेल्या होत्या, आणि त्यांच्याशिवाय त्या घरात कोणी डोकावत नसे. सत्यभामाबाईंनीच लोकांना तशी सवय लावली होती. पहिल्या दिवशी त्यांनी कसाबसा कालचा भात तुलारामला वाढला. दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही. ग्लानीत त्यांना ताटांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन कौलांतून थेट जमिनीवर पडलं होतं. दुपार झाली होती. तुलाराम चुलीपुढं उकिडवा बसला होता. चुलीत लाकडं रचलेली होती, खाली बारीक काटक्या, वर जाड लाकूड, मधे हवेला जागा. गंजात पाणी होतं. ताटलीत धुतलेले तांदूळ निथळून कोरडे होत आले होते. शेजारी फडकं दुहेरी घडी करून ठेवलेलं, आणि दोन ताटं मांडलेली. एकही गोष्ट चुकली नव्हती. तुलारामचे दोन्ही हात पाठीमागं होते आणि तो थंड चुलीकडे बघत होता.

"काय करून राहिला बापा?"

"भात."

"मंग?"

"काडी," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "माय मारते."

सत्यभामाबाईंना चिंधू दिसला. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, जो असेल यावर विश्वासही ठेवला नव्हता, तो त्यांच्याच चुलीपुढं बसला होता. साऱ्या जगावर त्यांनी डोळा ठेवला, गवळ्यावर, दिरांवर, त्या बाईवर. पोराला उपाशी ठेवणारं माणूस त्यांच्याच घरात होतं आणि त्याच्यावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. त्यांना इतकी शरम वाटली, की तापातही अंगाला घाम फुटला.

त्यांनी कनवटीची काडेपेटी काढली. घामानं ती एका कोपऱ्याला ओली झाली होती. "ये. माय नाई मारत. इकडं ये."

तो आला नाही. त्यांना दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तो सरकत सरकत खाटेपर्यंत आला आणि त्यांनी त्याचा डावा हात, तो आवळलेल्या चामडीचा, पुढं ओढून त्यात पेटी ठेवली.

"उजव्या हातात काडी घे. आपल्या अंगाकडं नाई, तिकडं ओढ. जोरात."

पहिली काडी मोडली. दुसरी ओली निघाली. तिसरी पेटली आणि तुलाराम तिच्याकडे असा बघत राहिला की बोटाला चटका बसायची वेळ आली. "काटक्याखाली घाल. घातली? आता सोड." त्यानं सोडली. काटक्या पेटल्या.

पुढचं काही त्यांना सांगावं लागलं नाही. त्या कुशीवर वळून त्याचं एकेक काम बघत राहिल्या, सवयीप्रमाणे चूक शोधत. पाण्याला उकळी आल्यावरच त्यानं तांदूळ सोडले. शीत बोटांत दाबून पाहिलं. फडकं धरलं, गंज उतरवला, आणि पेज पसावताना त्याचा हात अगदी स्थिर होता. चूक सापडली नाही. भात अंमळ जास्त शिजला होता, पण तेवढं त्यांच्याही हातून होई.

चार घास खाऊन त्यांनी त्याला पार्वताबाईंना बोलवायला पाठवलं. त्या धावतच आल्या आणि दाराशी थबकल्या. चुलीत निखारे होते आणि तुलारामच्या सदऱ्याच्या खिशातून काडेपेटीचा कोपरा बाहेर दिसत होता.

"बाकी सारं तुमी शिकवलं," सत्यभामाबाई खाटेवरून म्हणाल्या. "पैलं म्या शिकवलं." मग तुलारामला म्हणाल्या, "बाईले ताट वाढ. आपल्या घरचं जेवल्याबिगर जाऊ नोको देऊ."

सत्यभामाबाई त्या तापातून उठल्या आणि आणखी पाच वर्षं जगल्या. तुलाराम पुन्हा नदीकडे जाऊ लागला, आणि रोवणीत दहा पावलांवर एक याप्रमाणे पेंढ्या टाकायला लोक त्याला बोलावू लागले. भाजीवाल्या बायांचा छळ चालूच होता. मात्र काडेपेटी तुलारामच्या खिशातच राहिली. चूल पेटवायची असली की सत्यभामाबाईंना हात पुढं करून म्हणावं लागे, "काडी दे बाप्पा."

शहाऐंशी साली त्या गेल्या. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि लेकीनं दादाला सिहोऱ्याला न्यायचं म्हणून त्याचे कपडे पेटीत भरायला घेतले. सासू काय म्हणेल याची काळजी तिच्या तोंडावर दिसत होती. तुलाराम काही वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग आत गेला. थोड्या वेळानं लेकीला धुराचा वास आला आणि ती घाबरून स्वयंपाकघरात धावली. चूल पेटली होती, गंज चढला होता, तुलाराम तांदूळ धूत होता.

भात झाल्यावर त्यानं दोन ताटं मांडली. एक तिच्यापुढं सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं लेक एकटीच सिहोऱ्याला परतली.